भट्टी पाहिली; पुढे काय?

बेळगावच्या उद्यमबागेत इंजिनिअरिंग कॉलेजं आणि फौंड्र्या एकाच परिसरात नांदतात. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि केएलई संस्थेचं शेषगिरी इंजिनिअरिंग कॉलेज ही दोन्ही १९७९ साली सुरू झालेली कॉलेजं इथलीच. एकीकडे ओतकाम शिकवणारे वर्ग, दुसरीकडे रोज बीड वितळवून साच्यांत ओतणारे कारखाने. ओतकाम शिकायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

तरी एक कोडं उरतंच. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला परीक्षेत ‘श्रिंकेज’वर, म्हणजे धातूच्या आकसण्यावर, दहा मार्कांचा प्रश्न आला, तर तो आकृतीसकट दोन पानं लिहितो. त्याच विद्यार्थ्याच्या हातात पंपाचं एक रिजेक्ट झालेलं कास्टिंग द्या. जाड भागात आत खड्डा पडलेला आहे. विचारा, हा दोष कशामुळे आला? बहुतेक वेळा तो गप्प राहतो, किंवा अंदाजपंचे काहीतरी सांगतो. शेजारचा मोल्डर शाळेत फारसा रमलेला नसेल, पण खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवून तो म्हणतो, “हे गॅसचं न्हाई, रायझर कमी पडलाय.”

विद्यार्थी आळशी नाही, त्यानं घोकंपट्टीच केली होती असंही नाही. उत्तर त्याला येत होतं. मग ते कारखान्याच्या फाटकाबाहेर का थांबलं?

उत्तर ठाऊक, प्रश्न अनोळखी

परीक्षेचा पेपर विद्यार्थ्याला नकळत मोठी मदत करत असतो. प्रश्नातच प्रकरणाचं नाव असतं. ‘श्रिंकेज’ म्हटलं की त्या नावाखाली साठवलेली माहिती बाहेर येते. कारखान्यातल्या खड्ड्यावर मात्र प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं. समोर दिसतंय ते नेमकं कशातलं, हे ओळखणं हेच तिथलं अर्धं काम असतं आणि वर्गात त्याचाच सराव झालेला नसतो.

हे उदाहरण थोडं उलगडून पाहू. बीड साच्यात ओतलं जातं ते साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास. तिथून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ते तीन टप्प्यांत थंड होतं. आधी द्रव थंड होतो, मग तो गोठतो, आणि शेवटी घट्ट झालेला धातू निवत जातो. या शेवटच्या टप्प्यातलं आकसणं हिशेबात धरून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करतात. करड्या बिडासाठी हा वाढावा सुमारे १ टक्का, म्हणजे मीटरला १० मिलिमीटर. पहिल्या दोन टप्प्यांतली तूट भरून काढतो तो रायझर. साच्यात जाड भागाजवळ ठेवलेला हा वितळलेल्या धातूचा साठा सगळ्यात शेवटी गोठायला हवा, म्हणजे तोवर तो आतल्या भागाला धातू पुरवत राहतो. रायझर आधी गोठला तर जाड भागाची तहान भागत नाही आणि तिथे पोकळी राहते.

पाठ्यपुस्तकात पॅटर्नचा वाढावा एका प्रकरणात असतो आणि रायझर दुसऱ्या. त्यामुळे खड्डा पाहून विद्यार्थी म्हणतो, “पॅटर्नला अलाउन्स दिला नसेल.” वाढावा चुकला तर कास्टिंग मापाला कमी भरेल, त्यात पोकळी पडणार नाही. दोन्ही प्रकरणं त्याला पाठ असतात. ती एकमेकांना कुठे भेटतात, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

आता मोल्डरची बाजू. त्याचं निदान बरोबर आलं म्हणून त्याला सगळं कळतं असंही समजायला नको. करडं बीड गोठताना त्यात ग्रॅफाइट तयार होतं आणि ते फुगतं, म्हणून आकसण्याची तूट बरीचशी आतच भरून निघते. पोलादात ही सोय नाही. बिडाच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसानं नेहमीच्या मापाचा रायझर पोलादाला लावला, तर त्याचा तोच अनुभव त्याला दगा देऊ शकतो. पुस्तकी विद्यार्थी आणि अनुभवी मोल्डर हे दोघे एकाच दुव्याच्या दोन टोकांना अडकलेले असतात. हा दुवा जोडण्याच्या पद्धतीला अनुभवाधारित शिक्षण म्हणतात.

वाचताना कळल्यासारखं का वाटतं

शिक्षणाच्या बाबतीत आपलं मन आपल्याला फसवतं, हे आता प्रयोगांनी नीट दाखवलेलं आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून आठवेल तितका लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं चित्र उलटलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६.

हार्वर्डमध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली आणखी मजेशीर गोष्ट दाखवली. भौतिकशास्त्राच्या एका गटाला सफाईदार व्याख्यान दिलं, दुसऱ्याला तोच भाग आपापसांत सोडवायला लावला. चाचणीत दुसरा गट पुढे गेला. पण ‘किती शिकलात?’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं! डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं आपल्याला काही येत नाही, आणि कुणी झरझर समजावून सांगितलं की वाटतं सगळं आलं. सीमाभागातल्या ज्या प्राध्यापकांनी असे तास घेऊन पाहिले असतील, त्यांना ‘सर नीट शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ ही तक्रार नवी वाटणार नाही.

विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली हिशेब मांडला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं. विद्यार्थ्यांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के भरलं.

इथे एक खोटी आकडेवारी बाजूला काढायला हवी, कारण प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात ती पडद्यावर येतेच. ‘माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात ठेवतो’ असं सांगणारा तो त्रिकोण. त्याखाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव असतं. डेलनं १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला हे खरं, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. ते आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले आणि ते कुठल्याही प्रयोगातून आलेले नाहीत. अनुभवाधारित शिक्षणाची बाजू खऱ्या पुराव्यांवर पुरेशी भक्कम आहे; तिला या त्रिकोणाची गरज नाही.

चक्र कसं फिरतं

अमेरिकेतले डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली या पद्धतीचं चार टप्प्यांचं चक्र मांडलं. त्यामागे जॉन ड्युई यांचा जुना विचार होता. ड्युईंनी १९३८च्या आपल्या छोट्या पुस्तकात बजावलं होतं की सगळेच अनुभव सारखे शिकवत नाहीत, आणि काही तर पुढचं शिकणं अडवतात. कोल्बचं चक्र त्या रिजेक्ट कास्टिंगवर फिरवून पाहू.

पहिला टप्पा प्रत्यक्ष अनुभवाचा. कास्टिंग कापायचं आणि खड्डा उघडा करायचा.

दुसरा टप्पा न्याहाळण्याचा, आणि कॉलेजांमध्ये हमखास गळतो तो हाच. दोषाचं नाव घ्यायचं नाही, फक्त दिसतं ते सांगायचं. पोकळीची भिंत गुळगुळीत आहे की खरबरीत? आकार गोल आहे की फाटल्यासारखा? पृष्ठभागाजवळ आहे की जाड भागाच्या पोटात? वाळूत ओल जास्त असली किंवा हवा बाहेर पडायला वाट नसली, की वायू अडकून साधारण गोल, गुळगुळीत पोकळी होते. तिला ब्लो होल म्हणतात. रायझर अपुरा पडल्यावर होणारी पोकळी खडबडीत आणि वेडीवाकडी असते, आणि शेवटी गोठणाऱ्या जागीच असते. मोल्डरचं बोट नेमकं हाच फरक चाचपत होतं.

तिसरा टप्पा नियमाचा. असं का झालं, कुठला भाग शेवटी गोठला असणार, याचं उत्तर विद्यार्थी पुस्तक उघडून शोधतात. आता मात्र पुस्तक वेगळ्या नजरेनं वाचलं जातं, कारण विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं.

चौथा टप्पा करून पाहण्याचा. रायझरचं माप बदलायचं, काय होईल ते आधी लिहून ठेवायचं आणि पुन्हा ओतायचं. अंदाज चुकला तर चक्र पुन्हा सुरू.

कोल्बनं या चक्रावरून माणसांच्या ‘शिकण्याच्या शैली’ही ठरवल्या. कुणी करून शिकतो, कुणी पाहून शिकतो, म्हणून ज्याला त्याला त्याच्या शैलीत शिकवावं, ही कल्पना शाळा-कॉलेजांत फार लोकप्रिय झाली. हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पुरावे तपासले, तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. तेव्हा चक्र ठेवावं आणि शैलींच्या प्रश्नावल्या सोडून द्याव्यात, हे बरं. निसर्गनियम म्हणून चक्राकडे पाहायचं कारण नाही. ‘आपल्या योजनेत कुठला टप्पा गाळला गेला?’ हे शिक्षकाला तपासता यावं इतकाच त्याचा उपयोग, आणि तो थोडाथोडका नाही.

चौकट : एका कारखाना-भेटीचे चार भाग

जाण्याआधी : काय दिसेल, का दिसेल, याचा अंदाज प्रत्येकानं लिहून द्यायचा.
तिथे : एकच प्रश्न घेऊन जायचं. सगळा कारखाना पाहायचा हट्ट नको.
परतल्यावर : चोवीस तासांच्या आत अर्धा तास चर्चा. अंदाज आणि दिसलेलं यांत फरक कुठे पडला?
पंधरवड्यानं : तोच नियम दुसऱ्या वस्तूवर, दुसऱ्या जागी लावून दाखवायचा. मार्क यालाच.

पाठीवरचा डबा

‘मुलांना सोडा, आपोआप शिकतील’ हा या पद्धतीबद्दलचा मोठा गैरसमज. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिलं की नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाशिवाय प्रश्नात ढकललं तर तो शिकण्याऐवजी गोंधळतो. एका वेळी मनात थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. यंत्राचा आवाज, उष्णता, अनोळखी शब्द, कुठे उभं राहायचं याची भीती यांतच ती जागा भरून जाते. विचार करायला काही उरत नाही.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवतात तेव्हा पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा किंवा वाळल्या पांगाऱ्याचा बिंडा बांधतात. पोरगं पाण्यातच असतं, हातपायही तेच मारतं, पण बुडत नाही. काका वरून ओरडत असतो, पाय सरळ ठेव. काही दिवसांनी डब्याच्या जागी लहान डबा येतो आणि एक दिवस काहीच बांधलं जात नाही. डबा कधी काढायचा, याचा अंदाज काकाला असतो. अनुभवाधारित शिक्षणात शिक्षकाचं काम हेच, आणि व्याख्यानापेक्षा ते अवघड आहे. व्याख्यान आदल्या दिवशी तयार करता येतं. डबा काढण्याची वेळ मात्र समोरच्या पोराकडे बघूनच ठरवावी लागते.

वैद्यकीय शिक्षणानं ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. रुग्णाच्या खाटेशी उभं राहून शिकणं हा तिथला जुना रिवाज. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ पासून तर अख्खा अभ्यासक्रमच रुग्णांच्या प्रश्नांभोवती उभा केला. तिथेही विद्यार्थ्याच्या मागे कुणीतरी वरिष्ठ उभा असतोच.

बेळगावचा सायकल दुकानदार

हा सगळा विचार बाहेरून आला असं वाटत असेल, तर बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून एक फेरी मारावी. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्ररेखाटन शिकवत. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आली, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यानं सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. शिकवणारा मास्तर नांगर घेऊन शेतकऱ्यासमोर उभा राहिला आणि तिथे त्याला जे ऐकून घ्यावं लागलं, ते कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

किर्लोस्करांचे नांगर खपवत गावोगाव फिरलेल्यांत एक तरुण होता, कुंभोजला जन्मलेला भाऊराव पाटील. त्यानं १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याला १९४७ साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेनं विद्यार्थ्यांच्या हाती कुदळ आणि पुस्तक दोन्ही दिलं. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या परिषदेत हाताच्या कामातून शिकवणाऱ्या नयी तालीमची मांडणी झाली होतीच. आणि १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, शेती, बांधकाम, विजेची कामं करत गावाच्या गरजा भागवतात आणि त्यातून विज्ञान शिकतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. ‘कमवा आणि शिका’चा पहिला हेतू गरीब मुलाला फी भरता यावी हा होता. नुसतं श्रम केल्यानं रसायनशास्त्र येत नाही. पाबळमध्ये कामाला हिशेब, माप आणि ‘हे असं का?’ हा प्रश्न जोडला गेला, म्हणून ती पद्धत विद्यापीठांना जास्त शिकवणारी आहे.

निपाणी : दोन राज्यांचा वर्ग

इंजिनिअरिंग आणि मेडिकलचं ठीक. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी घेतलेल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी निपाणीइतकी श्रीमंत प्रयोगशाळा शोधून मिळणार नाही.

देवचंद कॉलेजच पाहा. ते निपाणीला खेटून आहे, पण अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात येतं. म्हणजे कॉलेज महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाचं. आणि गाव कर्नाटकात. निपाणीचा विद्यार्थी रोज सकाळी राज्य ओलांडून तासाला बसतो.

पेट्रोल आणि डिझेल वस्तू-सेवा कराच्या बाहेर आहेत. त्यांच्यावर प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. त्यामुळे सीमेच्या अलीकडे-पलीकडे दर वेगळे असतात. समजा, फरक लिटरला ३ रुपये आहे. पाच लिटर भरणाऱ्या दुचाकीवाल्याचे १५ रुपये वाचतात. गाडी लिटरला ५० किलोमीटर देते आणि पेट्रोल शंभराच्या आसपास आहे, म्हणजे किलोमीटरला २ रुपये. जाऊन-येऊन साडेसात किलोमीटरच्या पुढे गेला तर तो तोट्यात. दोनशे लिटर भरणारा ट्रक ६०० रुपये वाचवतो. त्याचं गणित कितीतरी लांबपर्यंत जुळतं. हे वर्गात लिहायचं, आणि मग कोगनोळीच्या नाक्याच्या दोन्ही बाजूंच्या पंपांवर जाऊन दोन तास नोंदी घ्यायच्या. कुठली वाहनं थांबतात, कुठल्या पासिंगची, आणि चालक कारण काय सांगतात? माणसं हिशेबाप्रमाणे वागत नसतील तर का वागत नाहीत? ‘मागणीची लवचीकता’ हा शब्द यानंतर शिकवला तर तो कोरडा राहत नाही.

तंबाखूचं तर सांगायलाच नको. आंध्र-कर्नाटकातल्या सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी टोबॅको बोर्डाचा लिलाव आहे. निपाणी पट्ट्यातली तंबाखू विडीची; तिला तो लिलाव नाही, शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर. भाव कसा ठरतो, या एका प्रश्नावर वर्षभराचा अभ्यास उभा राहील. त्याला इतिहासही आहे. शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं १९८१चं तंबाखू उत्पादकांचं रास्ता रोको आणि ६ एप्रिलचा गोळीबार निपाणी विसरलेली नाही. त्याआधी वखारींत तंबाखूच्या धुरळ्यात राबणाऱ्या बायका संघटित झाल्या होत्या; त्यांच्या लढ्यात प्रा. सुभाष जोशी पुढे होते. युगांतर या स्त्रियांच्या गटानं १९८२ साली त्या बायकांबरोबर बसून ‘तंबाकू चाकिला ओब आली’ हा लघुपट केला. समाजशास्त्राच्या वर्गात तो दाखवावा, आणि मग आजच्या वखारीत काय बदललं ते विचारायला विद्यार्थ्यांनी जावं.

जाताना एक पथ्य. वखारीतली मावशी म्हणजे नमुना नव्हे. तिचा खाडा होणार असेल, तर मुलाखत सुट्टीच्या वेळी घ्यावी, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवावं. त्या वाचनात ती जे खोडून काढील, त्यातच विद्यार्थ्याच्या चक्राचा दुसरा टप्पा पुरा होतो.

परिपत्रकं, पॉइंट्स आणि चोर्ला घाट

कागदावर आता कशाचीच उणीव नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानं इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला चार वर्षांत १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट्स मिळवावे लागतात. बेळगावजवळ मच्छे इथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) २०२२च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्राला ‘सोशल कनेक्ट अँड रिस्पॉन्सिबिलिटी’ हा विषय आहे. झाड दत्तक घेणं, वारसा-फेरी, सेंद्रिय शेती, जलसंधारण, खाद्यसंस्कृतीची भटकंती असे त्याचे भाग. एमबीबीएसच्या मुलांना गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. महाराष्ट्रातल्या नव्या पदवी आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंग, क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. कर्नाटकानं २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा आराखडा उचलला आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळला. त्यामुळे निपाणीतल्या एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एक अर्जुननगरला आणि दुसरं राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात गेलं, तर दोघांच्या पदव्यांचे साचेच वेगळे.

गडबड पुढे होते. पॉइंट्स मोजायचे म्हटले की फोटो, सही आणि सर्टिफिकेट जमा होतात. झाडाबरोबर फोटो निघतो. झाड पुढच्या मे महिन्यात जगलं का, याला पॉइंट नसतो. बेळगावहून गोवा जवळ, त्यामुळे ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’च्या बसला चोर्ला घाट लगेच सापडतो. सकाळी एक तास कारखाना, दुपारनंतर समुद्र. सहलीला हरकत नाही, तिलाही किंमत आहे. फक्त तिचा अहवाल गेल्या वर्षीच्या अहवालावरून उतरवून काढू नये, एवढंच.

इंटर्नशिपचंही तसंच. महिनाभर फायली लावणं आणि झेरॉक्स काढणं हा अनुभव आहेच, पण त्यात चक्राचे उरलेले तीन टप्पे नाहीत. बेळगाव किल्ल्यातल्या कमलबस्तीला विद्यार्थी जातात, छताचं दगडी कमळ बघून ‘वा’ म्हणतात आणि परत येतात. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कारागिरांनी ते वजन खांबांवर कसं तोललं, हा प्रश्न आधी हातात दिला असता तर तीच फेरी स्थापत्याचा तास झाली असती.

सत्तर मुलं, एक मास्तर

‘हे सगळं वीस मुलांच्या वर्गाला ठीक’ हा आक्षेप रास्त आहे. पण प्रत्येक वेळी बस काढावीच लागते असं नाही. हार्वर्डचे एरिक मझूर यांनी १९९१ पासून मोठ्या वर्गासाठी सोपी रीत वापरली. फळ्यावर एक अवघड प्रश्न आणि चार पर्याय. सगळ्यांनी हात वर करून उत्तर द्यायचं. मग दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा हात वर करायचे. यासाठी खर्च शून्य. आठवड्याला एक रिजेक्ट कास्टिंग, एक जळलेली मोटार वाइंडिंग, एखादं जुनं वीजबिल किंवा सात-बारा वर्गात आणला की प्रश्न आपोआप तयार होतो.

सीमाभागात या दोन मिनिटांना आणखी एक मोल आहे. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेलं मूल इंग्रजीच्या वर्गात गप्प बसतं. ते कळत नाही म्हणून नाही, तर वाक्य जमत नाही म्हणून. शेजाऱ्याशी बोलताना ते मराठीत भांडतं, कन्नडमध्ये विचारतं, आणि विचार नीट झाल्यावर इंग्रजीत लिहितं. शिक्षकांनी ही भाषांची सरमिसळ वर्गातला गोंगाट समजून थांबवू नये. चर्चा हव्या त्या भाषेत होऊ द्यावी आणि शेवटचा परिच्छेद परीक्षेच्या भाषेत लिहून घ्यावा.

खरी अडचण मार्कांची. पेपर व्याख्यानाचा असेल तर विद्यार्थी व्याख्यानासाठीच जगेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. भेटीआधी लिहिलेला अंदाज, भेटीनंतर केलेली दुरुस्ती आणि नव्या वस्तूवर लावलेला नियम, या तीन कागदांना मिळून अंतर्गत गुणांत दहा गुण दिले तरी वर्गाची सवय बदलते. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नयेत. चूक कुठे होती हे सांगता आलं नाही, तर कापावेत.

यंदा बारावीनंतर बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरला प्रवेश घेणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या भेटी आणि करारांची यादी वाचून थांबू नये. तिथे शिकणाऱ्या एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून विचारावं : गेल्या भेटीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात काय झालं? त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल, तर ते कॉलेज यादीत वर ठेवावं.